आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला विमानाचा फोटो: निझामाचं हवाईदल खरंच होतं का?

मुकुंदराजाचा_शेजारी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं झाली इथं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच खेप, चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर आमचं जुनं माळवदाचं घर पाडायला काढलं. दरवर्षी वर माती टाकायची आणि दरवर्षी गळायचं, शेवटी वडील म्हणाले आता पुरे. तर आतल्या अंधाऱ्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली, कुलूप गंजून गेलेलं. आत तगाईच्या पावत्या, शिवणकामाचं थोडं सामान (आम्ही शिंपी, म्हणजे ते असणारच), एक फाटका पंचा आणि त्यात गुंडाळलेला हा फोटो. तळहाताएवढाच आहे. एक विमान, त्याचे पंख माडीवर माडी बांधावी तसे दोन मजली, आणि पुढं तीन माणसं उभी. मधले आमचे अण्णा, म्हणजे आजोबा. हाफ चड्डी, अंगात शर्ट, पायात काही नाही. बाकीचे दोघं कोण ते घरात कुणालाच माहीत नाही.

मागच्या बाजूला शाईनं उर्दूत लिहिलंय. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांकडून वाचून घेतलं, त्यांना आता नीट दिसत नाही पण म्हणाले "बेगमपेट" आहे आणि पुढं तेराशे चोपन्न. मी १३५४ हा विमानाचा नंबर धरून पंधरा दिवस झाले शोधायलोय, डोळे फुटायची वेळ आली, काही म्हणजे काही सापडत नाही.

वडिलांचं म्हणणं की अण्णा "निझामाच्या विमानदलात" होते. गावात मात्र वेगळीच गोष्ट सांगतात, की म्हाताऱ्यानं हैदराबादला विमानं शिवली. यावरून अण्णांची आयुष्यभर टर उडवली लोकांनी. विमान काय कुडतं आहे का शिवायला! पारावर बसले की कुणीतरी म्हणायचंच, "शिंपीदादा, एक विमान टाकायचं होतं शिवायला, माप कधी घेता?" अण्णा हसून सोडून द्यायचे म्हणे. १९९१ ला गेले, मी चार वर्षांचा होतो, मला विचारायला जमलं नाही.

तर निझामाचं स्वतःचं हवाईदल होतं का, हे विमान कोणतं, आणि एखाद्या विमानाचा जन्मापासूनचा इतिहास काढायचा म्हटला तर सुरुवात कुठून करायची एवढं सांगा. फोटो दोन्ही बाजूंनी टाकलाय.


खडकेश्वर_७१

होतं की भाऊ! पहिल्या महायुद्धात निझामानं अख्खी स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, दिली होती, ११० नंबर. दुसऱ्या महायुद्धात अजून दोन, १५२ आणि २५३, नावातच हैदराबाद आहे. आणि १९४८ ला तर रातोरात मोठमोठी विमानं बीदरला उतरायची, बंदुका घेऊन, आमचे मामा सांगायचे. तुझे आजोबा त्यातलेच असणार, पैज लावतो. १३५४ नंबर जपून ठेव, कामाला येईल.


बोरीकाठचा (नळदुर्ग)

खडकेश्वर भाऊ, माहिती बरोबर आहे तुमची पण जोडणी चुकली. पैज हरलात.

११०, १५२, २५३ या तिन्ही स्क्वाड्रन इंग्रजांच्या, रॉयल एअर फोर्सच्या. निझामानं फक्त पैसे दिले, म्हणून नावाला हैदराबाद लागलं. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात तसंच, पायरी काय त्याच्या मालकीची होत नाही. आणि ते पैसे सातव्या निझामानं, म्हणजे मीर उस्मान अली खानानं, काय घरी छापले नव्हते (बरं छापतही होता म्हणा, हाली सिक्का त्याचाच). औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्याच्याच राज्यात, म्हणजे त्या विमानांत आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाही वाटा आहे, कुठंतरी एखादा खिळा तरी.

११० ची गोष्ट मात्र सांगतोच कारण विमानाचा इतिहास कसा काढतात ते त्यातून कळतं. ही स्क्वाड्रन १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्सला गेली, सगळी विमानं डीएच ९ए जातीची, आणि प्रत्येक विमानावर निझामानं भेट दिल्याची पाटी रंगवलेली. त्यातल्या एकाचा नंबर एफ १०१०. ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलं ते परत आलंच नाही, जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडायला लागले तसं तिथून पोलंडला हलवलं, ते तिथंच राहिलं, आणि १९७७ ला इंग्रजांनी पोलंडला एक स्पिटफायर देऊन हे परत घेतलं. आज लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभं आहे. आता बघा, पाटी तर सगळ्याच विमानांवर निझामाची होती, पण एवढा साठ वर्षांचा प्रवास जुळला तो एफ १०१० या नंबरामुळं. नुसतं "निझामाचं विमान" म्हणून शोधलं असतं तर बसले असते शोधत.

१५२ वाल्यांकडं स्पिटफायर होती, ब्रिटनच्या लढाईत लढले, नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले. त्यांच्या बिल्ल्यावर निझामाची दस्तार, म्हणजे ती त्याची पगडी आहे. एवढं सगळं असलं तरी हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं लढाऊ हवाईदल नव्हतं. बेगमपेटला विमानतळ होता, फ्लाइंग क्लब होता, १९४५ ला डेक्कन एअरवेज निघाली ती पण प्रवासी कंपनी, डाकोटा विमानं होती त्यांची. लढायचं विमान एक नाही. म्हणून तर १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबादवर भारताची लष्करी कारवाई, सुरू झाली तेव्हा पुण्याहून आपली टेम्पेस्ट विमानं येऊन बीदर-वरंगलच्या धावपट्ट्या फोडून गेली, वर आकाशात अडवायला कुणीच नव्हतं. आमच्या नळदुर्गात त्याच दिवशी फौज शिरली, बोरी नदीचा पूल शाबूत हाती लागला म्हणून रणगाडे सरळ आत. आज्जी सांगायची की रणगाड्यापेक्षा विमानाच्या आवाजानं म्हशी दावं तोडून पळाल्या.

बीदरला रात्री उतरायची ती सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची. लँकेस्ट्रियन विमानं, म्हणजे लँकेस्टर बॉम्बरचाच प्रवासी अवतार, कराचीहून शस्त्रं भरून यायची. त्यावर पुढं इंग्लंडमध्ये खटला झाला आणि २०० पौंड दंड बसला, एवढ्या उपद्व्यापाला २०० पौंड. ती पण निझामाची विमानं नव्हेत, भाड्याचा धंदा. आणि लँकेस्ट्रियन चार इंजिनांचं धूड आहे, फोटोतलं तर एका इंजिनाचं दोन मजली आहे, ते कुठलं हे जाणकार सांगतील, माझा अंदाज आहे पण आधी बोलत नाही.


खडकेश्वर_७१

बरं बुवा, हरलो पैज. पण मामा बरोबर होते एवढं तरी माना.


परभणीची_आपा

अंबाजोगाईकर, फोटोची मागची बाजू मोठी करून बघितली. तुमच्या बाबांनी वाचलं ते बरोबर आहे पण त्यांच्याकडून एक अक्षर सुटलं. १३५४ च्या डोक्याशी एक छोटी खूण आहे, ती "फे" आहे. फे म्हणजे फसली! हा विमानाचा नंबर नाही, साल आहे, शेतसाऱ्याच्या दफ्तराचं. १३५४ फसली.

तुमच्या घरी जमिनीचे जुने कागद असतील तर त्यावर बघा, खासरा पाहणीला, पावतीला सगळीकडं हेच साल सापडेल, निझामाच्या राज्यात दफ्तर फसलीवरच चालायचं. त्यात ५९० मिळवा. १३५४ म्हणजे १९४४ चा ऑक्टोबर ते १९४५ चा ऑक्टोबर. (मागे कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली होती तेव्हा माझ्याकडं रोज दहा जण कागद घेऊन यायचे, निम्म्यांनी फसली साल इसवी समजून डोक्याला हात लावलेला असायचा, की आमचे पणजोबा तेराशे सालातले कसे काय.)

अजून एक. बेगमपेटच्या आधी एक शब्द आहे, शाई पसरलीय, पहिलं अक्षर "काफ" वाटतं. "कारख़ाना" असू शकतं. खात्रीनं नाही सांगत. उन्हात धरून एक फोटो काढून टाका, फ्लॅश मारू नका.


मुकुंदराजाचा_शेजारी

आपा!!! पंधरा दिवस मी सालाला विमानाचा नंबर समजून बसलोय. स्वतःलाच एक चापट मारून घेतली. ट्रंकेतल्या तगाईच्या पावत्या आत्ता काढून बघितल्या, १३५६ फ, १३५७ फ, सगळीकडं तीच खूण. समोर होतं आणि दिसलं नाही. उद्या उन्हात फोटो काढतो.


ताणलेली_हलगी (लातूर)

पोरा, मी विमानाचा मेकॅनिक. आता रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आधी हवाईदलात, नंतर एका फ्लाइंग क्लबात. उशिरा लिहायलोय कारण नातवाचं लग्न होतं.

फोटोतलं विमान टायगर मॉथ आहे. डोळे झाकून सांगतो. वरच्या पंखाच्या मधोमध फुगवटा दिसतो का, ती पेट्रोलची टाकी. पंख जरा मागं रेललेले आहेत बघ, सरळ आडवे नाहीत. दोन उघड्या बैठका, एकामागं एक, पुढं मास्तर मागं पोरगं. इंजिन १३० हॉर्सपॉवरचं, आजच्या एखाद्या बऱ्या कारला असतं तेवढं. ब्रेक नाही, स्टार्टर नाही. एक जण बैठकीत बसायचा, एक जण पुढं उभा राहून हातानं पंखा फिरवायचा, आतला ओरडायचा "कॉन्टॅक्ट!" की यानं जोर लावून पंखा ओढायचा आणि लगेच मागं सरायचं, नाहीतर हात गेलाच. १९३१ ला पहिलं उडालं, पुढं जवळपास नऊ हजार बांधली. इंग्रजांच्या राज्यात जिथं जिथं पायलट तयार झाले तिथं बहुतेकांचा श्रीगणेशा याच्यावरच.

आणि साल १९४४-४५, जागा बेगमपेट, मग तर प्रश्नच मिटला. युद्धात बेगमपेटला हवाईदलाची नवीन पायलटांची शाळा होती, १ नंबर एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल. तिथं टायगर मॉथच होती. जमीन निझामाची, शाळा हवाईदलाची. म्हणून गावाकडं येताना "निझामाच्या विमानदलात" असं झालं असेल, लोकांना काय, हैदराबादला आहे म्हणजे निझामाचंच. विमानाच्या अंगावर हवाईदलाचं गोल चिन्ह आहे, त्याच्या मधला ठिपका फोटोत फिका दिसतोय, लाल असता तर काळपट आला असता. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, तो आणि आपला गोंधळ होऊन आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून ब्रह्मदेशाच्या बाजूला लाल ठिपका काढून टाकला होता. तेही सालाशी जुळतं.

आता खरं सांगायचं ते. गावानं तुझ्या आजोबांची टर उडवली ना, त्यातले जे जिवंत असतील त्यांना हे वाचून दाखव.

टायगर मॉथचे पंख लाकडाचे आणि वरून कापड. पत्रा नाही, कापड! चांगलं तागाचं कापड असतं. पंखाचा सांगाडा म्हणजे आडव्या फासळ्या, त्यावर उशीला खोळ घालावी तशी कापडाची खोळ घालायची, मग प्रत्येक फासळीला ते कापड शिवायचं. हो, शिवायचं, सुईदोऱ्यानं. मेण लावलेला दोरा. सुई वरच्या कापडातून आत घालायची ती पंखाच्या आरपार खाली निघायची, खाली दुसरा माणूस बसलेला, तो सुई फासळीच्या दुसऱ्या बाजूनं परत वर द्यायचा. दर तीन-चार बोटांवर एक गाठ, आणि ती गाठ साधी नाही, एक तुटली तरी शेजारची उसवली नाही पाहिजे अशी. उडताना पंखाच्या वरच्या बाजूचं कापड हवा वर ओढत असते, टाका कच्चा असला तर कापड फासळीपासून सुटून फुग्यासारखं वर येणार, मग पायलट गेला. शिवून झाल्यावर टाक्यांवरून पट्टी चिकटवायची आणि मग डोप मारायचं. डोप म्हणजे पातळ लॅकरसारखं, नेलपॉलिशचा वास येतो अगदी, दिवसभर मारलं की डोकं गरगरतं. ते वाळलं की कापड असं ताणतं की बोटानं टिचकी मारली तर ढुम्म वाजतं. आपली हलगी शेकोटीवर शेकल्यावर ताणते ना तसं. माझं इथलं नाव त्यावरूनच ठेवलंय.

मी टायगर मॉथवर काम नाही केलं, माझ्या वेळेला क्लबात पुष्पक होतं, एचएएलचं, तेही कापडाचंच. आमच्याकडं ते काम करणारे म्हातारे उस्ताद होते, त्यांचा टाका बघत बसावा असा.

शाळेत कापडाचं काम किती निघत असेल याचा विचार कर. शिकाऊ पोरं, रोज कुणीतरी वाकडं उतरणार, खालच्या पंखाचं टोक जमिनीला घासणार, कापड फाटणार. वरून आपलं ऊन. हवाईदलात त्यासाठी वेगळा ट्रेडच होता, फॅब्रिक वर्कर. शिंप्याचा हात असलेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपांनी "कारखाना" वाचलं ते मला बरोबर वाटतं.

एक विचारतो. ट्रंकेत "शिवणकामाचं सामान" लिहिलंस, त्यात एखादी फार लांब सुई आहे का, वीतभर किंवा जास्तच? आणि एक वाकडी, चंद्रकोरीसारखी?


मुकुंदराजाचा_शेजारी

काका, अंगावर काटा आला. आहे. दोन्ही आहेत. लांब सुई माझ्या कोपरापासून मनगटाच्या वरपर्यंत येते, मोजली तर बारा इंचाला थोडी कमी, गंज चढलाय पण टोक अजून लागतं. आम्हाला वाटायचं पोतं शिवायचा दाभण आहे, आज्जी तर शेवटी शेवटी त्यानं गाद्या शिवायची. वाकडी सुई एका कापडात टोचून ठेवलेली. आणि त्या कापडावर, आत्ता बघितलं, एका बाजूला चकचकीत कडक थर आहे, नखानं टकटक केलं तर वाजतो. पिवळट पडलाय. वास आता काही येत नाही.

वडिलांना तुमचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, ती सुई हातात घेऊन बसलेत मघापासून.


ताणलेली_हलगी (लातूर)

ते कापड धुऊ नको!! ऊन दाखवू नको, दुमडू नको. जुनं डोप कडकन मोडतं. आणि दिव्या-उदबत्तीजवळ ठेवू नको, भुरकन पेटतं ते, जुन्या डोपचा भरवसा नाही.


परभणीची_आपा

मी स्वयंपाक सोडून हे वाचतेय. भाजी लागली खाली.


बोरीकाठचा (नळदुर्ग)

काकांनी माझा अंदाज खरा केला, टायगर मॉथच वाटत होतं पण सुईचं डोक्यात येणं माझ्या बापजन्मात शक्य नव्हतं.

आता तिसरा प्रश्न राहिला, विमानाचा इतिहास काढायचा कसा. पहिली गोष्ट, फोटो चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन कर, मोबाइलचा फोटो नको. विमानाचा लष्करी नंबर शेपटीकडच्या अंगावर असतो. तुझ्या फोटोत तिथं नेमका उजवीकडचा माणूस उभा आहे, त्याच्या कोपराच्या मागं शेवटचा आकडा अर्धवट दिसतो, मला ७ वाटतो, १ पण असेल. मोठ्या अक्षरात जे दिसतं ते शाळेतलं नाव, हजेरीपटावरचा नंबर समज, ते बदलत राहतं, त्यावर जाऊ नको.

नंबर मिळाला तरी हुरळून जायचं नाही, कारण एका विमानाला आयुष्यात तीन-चार नंबर लागतात. युद्धाआधी फ्लाइंग क्लबात असलेल्या विमानावर व्हीटीनं सुरू होणारा नागरी नंबर असायचा, युद्धात सरकारनं क्लबांची विमानं ताब्यात घेतली तेव्हा तो पुसून लष्करी नंबर आला. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाईदलानं स्वतःची पद्धत काढली, एच आणि पुढं एक अक्षर: टेम्पेस्टला एचए, स्पिटफायरला एचएस, लिबरेटरला एचई, डाकोटाला एचजे, टायगर मॉथला एचयू. मग हवाईदलानं विमान काढून क्लबाला दिलं की परत व्हीटी. माणूस तोच, आधारकार्ड चार. लंडनच्या त्याच म्युझियममध्ये एक टेम्पेस्ट आहे, इंग्रजांच्या दफ्तरात पीआर ५३६, आपल्याकडं होतं तेव्हा एचए ४५७. हे दोन्ही नंबर एकाच विमानाचे आहेत हे माहीत नसेल तर तू दोन वेगवेगळी विमानं समजून दोन वह्या भरशील. न बदलणारी गोष्ट एकच, कारखान्यानं ठोकलेला बांधणी नंबर, आत छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो. गाडीचा चॅसी नंबर म्हण.

आणि उलटंही होतं. २०१८ ला हवाईदलाला एक जुनं डाकोटा दुरुस्त करून भेट मिळालं, परशुराम नाव दिलं, अंगावर व्हीपी ९०५ लिहिलंय. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो नंबर. पण हे विमान ते नव्हे, हे इंग्लंडहून आणलेलं दुसरं, मान म्हणून तो नंबर रंगवलाय. त्यात गैर काही नाही, पण अजून ५० वर्षांनी कुणीतरी याचा फोटो बघून "हेच ते श्रीनगरचं" म्हणून छातीठोक लिहिणार, आत्ताच व्हॉट्सॲपवर लिहायलेत. म्हणून रंगवलेल्या नंबरावर एकदम विश्वास नाही.

कागद कुठं: त्या काळी आपलं हवाईदल एवढुसं, १ एप्रिल १९३३ ला कराचीला पहिली स्क्वाड्रन निघाली ती चार वापिटी विमानांवर, आणि कागद सगळे इंग्रजी पद्धतीनं ठेवलेले. तो मोठा फायदा आहे. स्क्वाड्रनची रोजची डायरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या मालिकेत असते, पण शाळा म्हणजे स्क्वाड्रन नव्हे, शाळांचं दफ्तर एआयआर २९ मध्ये. लोक २७ मध्ये शोधतात आणि काही नाही म्हणून परत येतात. त्यात अपघात सापडतात, कुठलं विमान कधी मोडलं ते. आजोबा भरती होऊन गेले असतील तर दिल्लीला सुब्रतो पार्कला हवाईदलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं सर्व्हिस नंबर लागतो. रोजंदारीवर असतील तर तिथं नाव निघणार नाही, मग हैदराबादला तारनाक्याला स्टेट आर्काइव्हज आहे, निझामाचं दफ्तर तिथं, पण ते उर्दू-फारसीत, आपांना सोबत घेऊन जावं लागेल.


परभणीची_आपा

आपा यायला तयार आहे. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट तुम्ही काढा.


ताणलेली_हलगी (लातूर)

रोजंदारीवरच असतील असं मला वाटतं. पायात काही नाही म्हणालास ना. गणवेशातला माणूस अनवाणी फोटोला उभा राहिला नसता, त्याला बूट मिळायचे. बाकीच्या दोघांच्या पायात काय आहे ते बघ आधी.


मुकुंदराजाचा_शेजारी

काका, बघितलं. शहरातल्या एका झेरॉक्सवाल्याकडं स्कॅन करून आणलाय, त्याला १२०० डीपीआय म्हटल्यावर तो म्हणाला "एवढं कशाला, आधारकार्ड २०० वर होतं", पण दिलं करून.

डावीकडच्याच्या पायात बूट, मोजे पण आहेत. उजवीकडचा अनवाणी, अण्णांसारखाच. आणि स्कॅनमध्ये एक नवीन दिसलं. अण्णांचा उजवा हात विमानाच्या खालच्या पंखावर ठेवलाय असं वाटत होतं, पण मोठं करून बघितलं तर हात पंखावर टेकलेला नाही, दोन बोटं जरा वर उचललेली आहेत. टिचकी मारायच्या बेतात.

शेपटीवरचा शेवटचा आकडा ७ च आहे, १ नाही, आडवी रेघ स्पष्ट दिसते. त्याच्या आधीच्या आकड्याचा खालचा गोल दिसतो, ३ किंवा ५ किंवा ८. आपा, "कारख़ाना" चा उन्हातला फोटो खाली जोडलाय. त्या ओळीच्या शेवटी अजून दोन शब्द निघालेत, शाई पार उडालीय, नावं वाटतात.